कौल

१९११ सालचा ऑगस्ट. पेरू देशात, अँडीज पर्वत जिथे ॲमेझॉनच्या जंगलात उतरतो त्या ओल्या, घामट उतारावर हायरम बिंगहॅम नावाचा सव्वासहा फूट उंचीचा अमेरिकन प्राध्यापक हातातल्या लाल तुकड्याकडे पाहतो आहे. तुकडा कौलाचा आहे. ओबडधोबड, भाजलेला, आपल्याकडच्या जुन्या नळीच्या कौलांची आठवण व्हावी असा. रानात असे पाच-सहाच मिळालेत. सगळे जोडून अंथरले तरी चार चौरस फूट छप्पर झाकलं जाणार नाही. मापंही एकसारखी नाहीत. कुस्कोमधली स्पॅनिश घरांची नवी लाल छपरं पाहून आलेल्या कुणा इंकाने इथे तसलं काही करून पाहिलं असेल आणि ते जमलं नसेल, असा तर्क तो लढवतो आणि पुढे निघतो.

जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी तो माचू पिच्चूवर उभा होता. पण ज्या शहरासाठी तो पेरूत आला होता, ते माचू पिच्चू नव्हतं. ते हे होतं, त्याच्या बुटांखाली.

घरावर चढतं ते कौल, आणि देवासमोर लावायचा तोही कौल. बिंगहॅमच्या हाती कौल आलं, पण त्यानं दिलेला कौल त्याला ऐकू आला नाही. तो ऐकू यायला आणखी त्रेपन्न वर्षं जावी लागली.

हे शहर म्हणजे विल्काबांबा, इंकांची शेवटची राजधानी.

१६ नोव्हेंबर १५३२ रोजी फ्रान्सिस्को पिझारोने दोनशेहूनही कमी माणसांनिशी काहामार्काच्या चौकात अताहुआल्पाला पकडलं, पुढच्या वर्षी ठार केलं, आणि त्याच्या मान्को नावाच्या तरुण भावाला कुस्कोच्या गादीवर बसवलं. गादी नावाचीच होती. मान्कोला कैद झाली, अपमान झाले, सोन्यासाठी छळ झाला. १५३६ मध्ये तो निसटला आणि प्रचंड फौज घेऊन त्याने कुस्कोला वेढा घातला. वेढा महिनोन्‌महिने चालला आणि अखेर फसला. मग मान्कोने एक वेगळीच वाट धरली. तो बर्फाच्या शिखरांपल्याड, उरुबांबा आणि अपुरिमाक या दोन नद्यांच्या बेचक्यातल्या डोंगराळ मुलखात शिरला. वर थंड हवेत वित्कोस नावाचं ठाणं, आणि तिथून काही दिवसांच्या चालीवर, खाली गरम रानात, विल्काबांबा. घोड्यांना तिथे पळता येत नव्हतं, आणि घोडे हेच तर स्पॅनिशांचं मुख्य बळ.

या मुलखात इंकांचं उरलेलं राज्य पस्तीस वर्षं टिकलं. मान्कोचा शेवट मात्र लढाईत झाला नाही. आपसांतल्या भांडणातून पळून आलेल्या काही स्पॅनिशांना त्याने वित्कोसला आसरा दिला होता. एके दिवशी नाल फेकण्याचा खेळ खेळता खेळता त्याच पाहुण्यांनी त्याला भोसकलं. त्यानंतर एकामागून एक त्याचे तीन मुलगे गादीवर आले. पहिला सायरी तुपाक स्पॅनिशांच्या अभयाचा कौल घेऊन बाहेर पडला आणि थोड्याच वर्षांत मेला. (कौलाचा हा तिसरा अर्थ, आणि या गोष्टीतला सर्वांत फसवा.) दुसरा तितू कुसी धूर्त होता. बोलणी लांबवायची, तह करायचे, दोन पाद्र्यांना राज्यात येऊ द्यायचं, पण राजधानीत पाऊल टाकू द्यायचं नाही, असं त्याचं राजकारण. १५७१ मध्ये तो आजारी पडून वारला आणि धाकटा तुपाक अमारू राजा झाला. पुढच्याच वर्षी व्हाइसरॉय तोलेदोने फौज पाठवली.

२४ जून १५७२ रोजी स्पॅनिश सैन्य विल्काबांबात शिरलं तेव्हा शहर रिकामं होतं आणि जळत होतं. इंकांनी जाता जाता घरं, कोठारं पेटवून दिली होती. तुपाक अमारूचा पाठलाग खाली नद्यांपर्यंत झाला. त्याच्या बायकोचे दिवस भरले होते आणि होडीत बसायची तिला भीती वाटत होती. म्हणून तो थांबला, आणि रानात शेकोटीजवळ सापडला. सप्टेंबरमध्ये कुस्कोच्या चौकात त्याचा शिरच्छेद झाला. विल्काबांबावर रान चढलं. पुढे स्पॅनिशांनी त्याच नावाचं नवं गाव वर डोंगरात वसवलं, तेव्हा जुन्या नावाचा पत्ताच बदलला. असं झालं की शहर हरवायला जंगलाची गरज उरत नाही, कागद पुरेसे होतात.

एकोणिसाव्या शतकात विल्काबांबा शोधायची हौस सुरू झाली ती चोकेकिरावपासून. अपुरिमाकच्या खोल दरीवर बसलेलं हे ठिकाण आजही पायी जाणाऱ्यांची कसोटी पाहतं. दरीत उतरायचं, पूल ओलांडायचा आणि समोरचा उभा चढ चढायचा. हाच मान्कोचा शेवटचा आसरा, असं कित्येकांचं मत होतं. १९०९ मध्ये पेरूतल्या एका प्रांताधिकाऱ्याच्या आग्रहाने बिंगहॅमही तिथे गेला. तो पुरातत्त्वज्ञ नव्हता. होनोलुलूत मिशनऱ्यांच्या घरात जन्मलेला, येल विद्यापीठात लॅटिन अमेरिकेचा इतिहास शिकवणारा हा गडी. चोकेकिराव हे विल्काबांबा नव्हे, असं लिमातल्या कार्लोस रोमेरो या इतिहासकाराने त्याला पटवलं. सतराव्या शतकातल्या कालांचा नावाच्या पाद्र्याच्या ग्रंथात खुणा होत्या: वित्कोसजवळ सूर्याचं एक देऊळ आहे, तिथे पाण्याच्या झऱ्यावर एक पांढरी शिळा आहे. ती शिळा सापडली की वित्कोस सापडेल, आणि वित्कोस सापडलं की पुढची वाट.

१९११ मध्ये तो येलची मोहीम घेऊन परतला. २४ जुलैला उरुबांबाच्या काठच्या मेल्चोर आर्तेआगा या शेतकऱ्याला एक सोल (पेरूचं नाणं) देऊन डोंगरावर गेला, आणि एका लहान मुलाच्या मागोमाग, त्याचं बोट धरावं तसा, माचू पिच्चूत शिरला. ही गोष्ट जगाला पाठ आहे, म्हणून इथे एवढंच. तिथल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांवर दोन-तीन कुटुंबं आधीच पीक काढत होती, आणि एका भिंतीवर कोळशाने नाव लिहिलेलं होतं: लिसारागा, १९०२. बिंगहॅमने तिथे फार वेळ घालवला नाही. त्याला विल्काबांबा हवं होतं. तो नदीने खाली गेला, मग वळून विल्काबांबा नदीच्या खोऱ्यात चढला.

इथे त्याने मोग्रोवेखो नावाच्या एका स्थानिक अधिकाऱ्याशी मोठा मजेदार सौदा केला. दर अवशेषामागे एक चांदीचा सोल, अवशेष विशेष असेल तर दुप्पट. पुढचे काही दिवस मोग्रोवेखोला झालेला उत्साह विचारू नये. आधी बरेच दगड किरकोळ निघाले. मग त्याने बिंगहॅमला रोसासपाता नावाच्या टेकडीवर नेलं. तिथे इंका कारागिरांनी घडवलेले शुभ्र ग्रॅनाइटचे दरवाजे ओळीने उभे होते. ९ ऑगस्टच्या संध्याकाळी ओढ्याच्या काठाने जाता जाता झाडी अचानक उघडली आणि समोर एक प्रचंड पांढरी शिळा दिसली. खाली काळंशार पाणी. कालांचाची खूण पटली. वित्कोस मिळालं होतं.

इथपर्यंत बिंगहॅमला तोड नाही. ग्रंथातली खूण जमिनीवर ताडून पाहायची शिस्त त्याच्यापाशी होती. पुढे ती सुटली.

विल्काबांबा गावात त्याला कळलं की पलीकडे खाली, कोन्सेविदायोक नावाच्या ठिकाणी, रानात अवशेष आहेत. रबराची झाडं हुडकत फिरणाऱ्या एकाने ते पाहिले होते. पण तिथे सावेद्रा नावाचा बडा जमीनदार राहतो, त्याच्या पदरी पन्नास नोकर आहेत, त्याला कुणी आलेलं खपत नाही, आणि आसपासचे आदिवासी विषारी बाणांनी मारतात, असंही लोक सांगत. पाम्पाकोनासला हमाल मिळेनात. बिंगहॅम आणि त्याचा सोबती हॅरी फूट (येलमधला रसायनशास्त्राचा प्राध्यापक, मोहिमेत किडे गोळा करायचं काम त्याच्याकडे) कसेबसे माणसं जमवून निघाले. खेचरं जातील तिथवर खेचरं, पुढे पाय. खिंडीतलं पिवळं गवत मागे पडलं, धुक्याचं शेवाळी रान लागलं, मग गरम हवेचे झोत येऊ लागले.

पन्नास नोकरांच्या त्या सुलतानाचा मुलूख जवळ आला आणि झाडीतून एक माणूस पुढे आला. हे येणारे लोक कोण, हे पाहायला सावेद्रानेच त्याला पाठवलं होतं. इकडच्यांना जशी तिकडच्यांची भीती, तशी तिकडच्यांनाही इकडच्यांची. सावेद्रा निघाला उसाची छोटी लागवड करून राहणारा एक साधा, अगत्यशील गृहस्थ. रानात सापडलेली इंकांची मडकी तो साखरेच्या कामाला वापरत होता. त्याने पाहुण्यांना राहायला जागा दिली, जेवू घातलं आणि एस्पिरितू पाम्पाला, म्हणजे भुताखेतांच्या पठारावर, पोहोचवलं.

तिथे काय दिसलं? आदिवासींच्या दोन-चार झोपड्या, काही गोल जोती, आणि रानात थोडं आत गेल्यावर जवळजवळ दोनशे फूट लांबीच्या, दोन्ही अंगांना दरवाजांची रांग असलेल्या इमारतीचे पाये. एक छोटासा दगडी पाणवठा. बाकी वेली आणि अंधार. पण एक प्रसंग असा घडला की त्यानेच बिंगहॅमला सावध करायला हवं होतं. बिंगहॅमची मंडळी त्या पाणवठ्यावर पाणी प्यायली होती. दुसऱ्या दिवशी आदिवासींनी झाडी तोडली, तर त्याच पाणवठ्यालगत, हाकेच्याही अलीकडे, कोनाड्यांच्या सुबक रांगा असलेली दोन घरं उभी होती. आदल्या दिवशी कुणालाच ती दिसली नव्हती. ज्या रानात पावलाभरावरची भिंत दिसत नाही, तिथे न दिसलेलं शहर केवढं असेल, हा प्रश्न त्या दोन घरांनी विचारला होता.

बिंगहॅम थांबला नाही. शिधा संपत आला होता, हमाल कुरकुरत होते, आणि मन मागे राहिलं होतं. त्याच्या मनात एक भव्य, दगडी, ढगांतलं शहर भरलं होतं. इतकं सुंदर शहर इंकांची शेवटची राजधानी नसेल तर मग काय? पुढच्या वर्षांच्या लिखाणात तो हळूहळू तिकडेच झुकत गेला. थंड हवेची सवय असलेले इंका राजे या उकाड्यात कशाला येतील, असं तो विचारी. पाद्र्यांना राजधानीजवळ राहूनही आत शिरता आलं नाही, ही कालांचाची नोंद त्याने माचू पिच्चूला चिकटवली. तिथल्या थडग्यांतले सांगाडे मोहिमेच्या अस्थितज्ज्ञाने तपासले आणि बहुतेक बायकांचे ठरवले. त्यावरून सूर्याला वाहिलेल्या कुमारिकांची कथा रचली गेली. (पुष्कळ पुढे जॉन व्हेरानोने तीच हाडं पुन्हा तपासली, तेव्हा पुरुषही भरपूर निघाले.) १९४८ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात बिंगहॅमने माचू पिच्चू हेच विल्काबांबा असं ठासून सांगितलं. १९५६ मध्ये तो वारला, त्याच समजुतीत.

खरं तर नावातच उत्तर होतं. विल्काबांबातलं बांबा म्हणजे पाम्पा, आणि पाम्पा म्हणजे सपाट जमीन. दोन शिखरांच्या मधल्या खोगिरावर बसलेल्या माचू पिच्चूवर सपाट जमीन शोधून दाखवावी.

यानंतरची चावी निघाली ती जंगलातून नाही, कागदातून. मार्तीन दे मुरुआ नावाच्या पाद्र्याने पेरूत अनेक वर्षं राहून इंकांचा सचित्र इतिहास लिहिला होता. त्याचं मूळ हस्तलिखित फिरत फिरत पहिल्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या संग्रहात पोहोचलं होतं. हा वेलिंग्टन म्हणजे आपल्या ओळखीचा आर्थर वेलस्ली, १८०३ मध्ये असईच्या मैदानात शिंदे-भोसल्यांचा पराभव करणारा. त्याच्या घराण्याच्या कपाटात विल्काबांबाचा पत्ता दीडशेच्या आसपास वर्षं पडून राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो अभ्यासकांच्या नजरेस आला आणि १९६२ ते १९६४ मध्ये छापून प्रसिद्ध झाला. सध्या ते हस्तलिखित लॉस एंजलिसच्या गेटी संग्रहालयात आहे.

मुरुआने विल्काबांबाचं वर्णन अगदी घरगुती जिव्हाळ्याने केलं आहे. हवा गरम. पपई, अननस, पेरू, भुईमूग, कोका, ऊस. पोपट, कोंबड्या, बदकं. घरांच्या आढ्याला मधमाश्या. माचू पिच्चूच्या साडेचोवीसशे मीटर उंचीवरच्या धुक्यात ही परसबाग बसत नाही. एस्पिरितू पाम्पा त्याच्यापेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली आहे. आणि या वर्णनाच्या मधोमध राजवाडा: सुगंधी देवदाराची दारं, आणि वर कौलांचं छप्पर.

इंकांची घरं गवताने शाकारलेली असत. दगड त्यांच्याइतका नेमका कुणी बसवला नाही, पण त्यांच्या छपरावर कौल कधीच नव्हतं. कौल स्पॅनिशांनी आणलं. म्हणजे पेरूतल्या इंका अवशेषांमध्ये कौल सापडावं अशी जागा एकच. जिथे इंका राजे स्पॅनिश लोक येऊन गेल्यावरही राहत होते, जिथे त्यांच्या दारी स्पॅनिश कैदी होते, पळून आलेले शिपाई होते आणि आपल्या शत्रूचं घर कसं असतं याचं कुतूहल होतं. मापं एकसारखी नव्हती, हे बिंगहॅमला अपयश वाटलं. मला तर त्यात एखादा कुंभार दिसतो, कधी न पाहिलेली वस्तू ऐकीव वर्णनावरून घडवणारा.

१९६४ मध्ये जीन सॅव्हॉय हा अमेरिकन तिथे पोहोचला. त्याच्यापाशी पदवी नव्हती, विद्यापीठ नव्हतं. पुढे त्याने स्वतःचा एक धर्मपंथही काढला, त्यामुळे विद्वान मंडळी त्याच्याकडे जरा नाक मुरडूनच पाहत. पण त्याच्यापाशी दोन गोष्टी होत्या: कोयते चालवणारी माणसं आणि थांबायची तयारी. त्या खोऱ्यात राहणाऱ्या कोबोस कुटुंबातले लोक त्याचे वाटाडे होते. झाडी तोडत गेले तसतशी भिंतीमागून भिंत येत गेली. चौथरे, जिने, पाणवठे, पूल, घरांच्या ओळी. बिंगहॅमने पाहिला होता तो शहराचा एक कोपरा. आणि पाचोळ्याखाली कौलं, आता पाच-सहा नाही, ढिगाने. गवताची छपरं १५७२ च्या आगीत राख झाली होती. भाजलेली माती आणखी एकदा भाजली गेली आणि उरली.

सॅव्हॉयने जाहीर केलं: विल्काबांबा हेच. १९७० मध्ये जॉन हेमिंगने इंकांच्या पाडावाचा आपला मोठा इतिहास लिहिला, तेव्हा मुरुआचा मजकूर आणि सॅव्हॉयची कौलं शेजारी शेजारी ठेवली, आणि वाद बहुतेक मिटला. १९८० च्या दशकात व्हिन्सेंट ली नावाचा वायोमिंगचा वास्तुविशारद सुट्टीत डोंगर चढायला म्हणून आला आणि पुढची कित्येक वर्षं फीत आणि होकायंत्र घेऊन त्या रानात घरं मोजत बसला. शेकडो घरं नकाशावर आली.

या सगळ्या कथेत शोध लावणाऱ्याच्या पुढे नेहमी कुणीतरी चालत असतं. आर्तेआगा, मोग्रोवेखो, सावेद्रा, कोबोस. एक सोल, दोन सोल, कधी नुसता पाहुणचार.

आजही तिथे वाटाड्याशिवाय सहसा कुणी जात नाही. कुस्कोहून एक अख्खा दिवस गाडी, मग वान्काकाये गाव. तिथे चढून आधी वित्कोस आणि पांढरी शिळा पाहायची. मग खेचरांवर तंबू, भांडी, बटाटे लादून खिंड गाठायची, आणि तिथून दोन-तीन दिवस उतरत राहायचं. इंका वाटेवरच्या बहुतेक पदयात्रा छाती फोडतात, ही गुडघे फोडते. जुनी फरसबंदी चिखलातून मधेच डोकं काढते आणि मधेच बुडते. रोज हवा बदलते. सकाळी लोकरीची टोपी, संध्याकाळी डास. शेवाळाने माखलेली झाडं संपून केळी आणि कॉफीचे मळे लागले की खेचरवालेही सैलावतात. शेवटी इंकांचा एक लांबलचक दगडी जिना रानातून खाली उतरतो, आणि ज्या बाजूने स्पॅनिश फौज आली त्याच बाजूने आपण शहरात शिरतो. माचू पिच्चूवर त्याच वेळी हजारो माणसं रांगेत असतात. इथे तुमच्या तुकडीखेरीज कुणी असलं तर नवल. राक्षसी मुळांची झाडं भिंतींना मिठी मारून उभी आहेत, आणि खाली पाहून चाललात तर लाल तुकडे दिसतात. उचलून पाहायचे आणि जिथले तिथे ठेवायचे.

२०१० मध्ये हाविएर फोन्सेका या पुरातत्त्वज्ञाची तुकडी याच रानात साफसफाई करत होती. कौलं सापडतील, इंका मडकी सापडतील, अशी अपेक्षा. त्यांना एक थडगं लागलं. आत चांदीचा मुखवटा होता, चांदीचं उरस्त्राण होतं. पण ते इंका नव्हतं. ते वारी लोकांचं होतं, इंका साम्राज्य उभं राहण्याच्या कितीतरी शतकं आधीच्या, दूर आयाकुचोच्या बाजूने राज्य करणाऱ्या लोकांचं. त्यांचा कुणी मोठा सरदार इथे, डोंगरापलीकडच्या या गरम रानात, पुरलेला होता. वारी लोक या रानापर्यंत आले होते, हे तोवर कुणाच्या नकाशात नव्हतं. इंकांनी ज्या जमिनीवर घरं बांधली, जिच्यावरून स्पॅनिश शिपाई धावले आणि जिच्यावर उभं राहून बिंगहॅमने ते लाल तुकडे न्याहाळले, तिच्याखाली तो चांदीचा मुखवटा तेव्हाही होता.